मांजर दत्तक घ्यायचंय आणि लॅब्रॅडॉरला घर शोधायचंय: संस्था पारखायची कशी

पत्रातला प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, नवरा-बायको दोघंही नोकरीला जातात आणि त्यांना एक मांजर दत्तक घ्यायचंय. इन्स्टाग्रामवर पंधरा संस्था दिसतात, त्यातली खरी कोणती ते कळत नाही. शिवाय ठाण्याला राहणारा भाऊ सहा महिन्यांनी सहकुटुंब जर्मनीला चाललाय. त्याच्या पाच वर्षांच्या लॅब्रॅडॉरला ठेवून घेईल अशी चांगली संस्था हवी आहे. कुत्रा नर आहे, नसबंदी झालेली नाही.

दोन्ही बाजूंना एकच कसोटी लागते, म्हणून ती आधी सांगतो. पहिल्याच फोनवर विचारा, "नाहीच जमलं, सहा महिन्यांनी असो की चार वर्षांनी, तर तुम्ही प्राणी परत घ्याल का?" नीट काम करणाऱ्या संस्थेचं उत्तर ठरलेलं असतं: आमच्याकडेच परत आणायचा, परस्पर कुणाला द्यायचा नाही, आणि तसं करारात लिहिलेलं आहे. "घेऊन तर जा, जमतंच सगळ्यांना" हे उत्तर आलं की फोन ठेवून द्या. परत घ्यायची जबाबदारी डोक्यावर असते तेव्हाच देणारा माणूस घर नीट बघून देतो. म्हणूनच अशा संस्था तुम्हालाच भरपूर प्रश्न विचारतात: घर स्वतःचं की भाड्याचं, घरमालकाची परवानगी आहे का, घरातल्या सगळ्यांची तयारी आहे का, कुणाला दमा किंवा ॲलर्जी आहे का, आधीचा प्राणी कशाने गेला, गावाला जाताना याला कोण बघणार. बरेच लोक यावर चिडतात. चिडू नका. जिथे कुणी काहीच विचारत नाही, तिथून प्राणी आणू नका.

आता कागद. महाराष्ट्रात प्राण्यांसाठी काम करणारी संस्था बहुधा सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असते, म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली. नोंदणी क्रमांकात 'ई' किंवा 'एफ' हे अक्षर आणि जिल्ह्याचं नाव असतं. हा क्रमांक मागितल्यावर लगेच मिळायला हवा, आणि तो धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. काही संस्था ना-नफा कंपनी म्हणून नोंदलेल्या असतात, त्यात वावगं काही नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता असली तर उत्तम. हे मंडळ प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 खाली 1962 साली स्थापन झालं. मात्र प्राणी दत्तक देण्यासाठी ही मान्यता सक्तीची नाही; रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या नसबंदीचा प्रकल्प चालवायचा असेल तर ती लागते. प्राप्तिकर सवलतीची पावती मिळते म्हणजे संस्थेचा हिशेब कुणीतरी पाहतो, इतकाच तिचा अर्थ. प्राण्यांची निगा नीट राखली जाते की नाही ते त्या पावतीवरून कळत नाही.

उलट, कसलीही नोंदणी नसलेली पण जीव ओतून काम करणारी माणसंही भरपूर आहेत. आपल्याकडे मांजरांची बरीचशी दत्तकं अशा एकट्या-दुकट्या फॉस्टरकडूनच, म्हणजे घर मिळेपर्यंत प्राणी स्वतःच्या घरी सांभाळणाऱ्या माणसांकडूनच, होतात, आणि मांजराच्या बाबतीत मला ती वाट जास्त बरी वाटते. चाळीस पिल्लांच्या खोलीपेक्षा घरात वाढलेलं पिल्लू माणसाळलेलं असतं, रोगांपासूनही त्यातल्या त्यात सुरक्षित असतं. अशा व्यक्तीकडे तीन गोष्टी मागा: ती कोणत्या डॉक्टरकडे प्राणी नेते त्यांचं नाव, गेल्या वर्षभरात मांजर नेलेल्या दोन-तीन घरांचे फोन नंबर, आणि मांजर आत्ता जिथे आहे तिथे प्रत्यक्ष भेट. डॉक्टरांना फोन करून एवढंच विचारा की या बाई प्राणी नियमित आणतात का. उत्तर कसं येतं, त्यावरून पुष्कळ कळतं.

सुरुवात कुठून करायची? पुण्यात बावधनची 'रेस्क्यू' (RESQ) आणि मुंढव्याची ब्लू क्रॉस या जुन्या संस्था आहेत. मुंबईत परळचं बाई साकरबाई पेटिट रुग्णालय आहे, जुने लोक ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. ते चालवणारी बॉम्बे एसपीसीए ही प्राण्यांवरची क्रूरता रोखण्यासाठीची संस्था 1874 पासूनची. 1985 पासून भटक्या कुत्र्यांसाठी काम करणारी वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज आणि दत्तक मेळावे भरवणारी वर्ल्ड फॉर ऑल याही तिथल्याच. नाव मोठं म्हणून चौकशी गाळू नका. मोठ्या संस्थांचा मुख्य भार जखमी, आजारी प्राण्यांचा असतो. दत्तक विभागात माणसं मोजकी असतात, फोनला उत्तर यायला चार दिवस लागू शकतात. तेवढ्यावरून संस्थेला वाईट ठरवू नका.

निवाऱ्याला भेट द्यायची ती जेवणाच्या किंवा साफसफाईच्या वेळी. दारातच डोळे चुरचुरतील इतका अमोनियाचा वास आला, तर लघवी वेळेवर धुतली जात नाही असं समजा. नवीन आलेल्या प्राण्यांसाठी वेगळी खोली आहे का, आणि तिथे काम करणारा माणूस बाकीच्यांकडे जाण्याआधी हात-पाय धुतो का, हे बघा. पाण्याची भांडी बघा. बुळबुळीत तळ बरंच सांगून जातो. गेल्या वर्षी किती आले, किती घरी गेले, किती दगावले, हे विचारा. जखमी प्राणी घेणाऱ्या ठिकाणी मृत्यू होतातच, आणि सरळ काम करणारी माणसं आकडा सांगतात. "आमच्याकडे एकही जात नाही" हे विधान धोक्याचं. तितकंच धोक्याचं दुसरं उत्तर म्हणजे "आम्ही आत येऊ देत नाही, मांजर बाहेर आणून दाखवतो." अशा ठिकाणी दोन खोल्यांत साठ मांजरं कोंबलेली असतात, कुठलंच घर त्यांना पसंत पडत नाही आणि देणग्यांची आवाहनं मात्र रोज येतात. असं घर सुरू करणारा माणूस प्रेमानेच सुरुवात करतो, पण तिथून आणलेलं पिल्लू बहुधा आजारी निघतं.

पैशांबद्दल स्पष्ट असा. दत्तक शुल्क घेणं गैर नाही. लस, जंताचं औषध, नसबंदी यांवर खर्च झालेला असतो, आणि त्याच्या आसपासची रक्कम पावतीसह मागितली तर आनंदाने द्या. काही ठिकाणी नसबंदीसाठी अनामत घेतात आणि ऑपरेशनचा दाखला दाखवल्यावर परत करतात, ही पद्धत फार चांगली. पण जातिवंत पिल्लू, 'दत्तक' म्हणून, आणि मागणी हजारोंची, असं दिसलं की ती विक्री आहे. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी 2018 चे आणि कुत्र्यांच्या पैदाशीसाठी 2017 चे नियम आहेत. त्यांखालची नोंदणी चुकवायला 'अडॉप्शन' हा शब्द सोयीचा पडतो. याहून उघड फसवणूक म्हणजे "पर्शियन मांजर फुकट, फक्त गाडीभाडं पाठवा." भाडं गेलं की पिंजऱ्याची अनामत, मग विमा, मग विमानतळावरचा दंड. मांजर कधीच येत नाही, कारण फोटो दुसऱ्याच कुणाचा असतो. प्राणी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. उपचारासाठी मदत करायची असेल तर दवाखान्याच्या खात्यावर थेट भरा.

मांजराचं लसीचं कार्ड हातात घेऊन बघायला शिका. प्रत्येक लशीपुढे बाटलीवरचं छोटं लेबल चिकटवलेलं हवं, त्यावर बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख हवी, शेजारी डॉक्टरांची सही आणि शिक्का हवा, शिक्क्यात नोंदणी क्रमांक हवा. पेनने नुसतं 'लस दिली' लिहिलेलं कार्ड धरू नका. मग तारखा लावून बघा. मांजरांची तीन रोगांवरची एकत्र लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू होते आणि चार महिन्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. रेबीजची लस तीन महिन्यांना. म्हणजे दीड महिन्याच्या पिल्लाचं 'सगळं लसीकरण पूर्ण' असूच शकत नाही. वयाचाही अंदाज घ्या. पिल्लाच्या डोळ्यांचा तान्हेपणीचा निळा रंग सहा-सात आठवड्यांच्या सुमारास बदलू लागतो, आणि आठ आठवड्यांच्या धडधाकट पिल्लाचं वजन साधारण आठशे ग्रॅमच्या वर असतं. सांगितलंय दोन महिन्यांचं आणि वजन भरलं चारशे ग्रॅम, तर एक तर वय खोटं आहे किंवा पोटात जंत आहेत. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू घेऊ नका. पुढे चावण्या-ओरबाडण्याचा त्रास अशांतच जास्त होतो.

आणखी एक प्रश्न विचारायचाच: गेल्या दोन आठवड्यांत इथलं एखादं पिल्लू उलट्या-जुलाबाने गेलं का? पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या संसर्गाचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दहा दिवसही जाऊ शकतात. दिसायला टुणटुणीत पिल्लू घरी येऊन चौथ्या दिवशी अंग टाकतं ते यामुळे. उत्तर 'हो' असेल तर पंधरा दिवस थांबा. तुमच्या घरात आधी मांजर या रोगाने गेलेलं असेल, तर विषाणू फरशीत आणि फर्निचरमध्ये वर्षभरही टिकतो. अशा घरात पूर्ण लसीकरण झालेलं मोठं मांजरच आणा. कानांमागे, पंजांवर केस गेलेले गोल चट्टे दिसले तर तो गजकर्ण. बरा होतो, पण माणसालाही लागतो, म्हणून डॉक्टरांना दाखवूनच घ्या.

तुम्ही दोघंही दिवसभर बाहेर असता. त्यामुळे माझा सल्ला असा: एकतर वर्ष उलटलेलं, नसबंदी झालेलं मोठं मांजर घ्या किंवा एकाच आईची दोन पिल्लं घ्या. एकटं पिल्लू नऊ तास कोंडून राहिलं की पडदे फाडतं आणि रात्री तुमच्या पायांवर झेप घेतं. मोठ्या मांजराला कुणी विचारत नाही, पण त्याचा स्वभाव आधीच कळलेला असतो. पिल्लू घेतलंत तर नसबंदी पाच महिन्यांच्या आत उरका. भाटी (मादी मांजर) चौथ्या-पाचव्या महिन्यातही गाभण राहू शकते आणि जेमतेम नऊ आठवड्यांत विते.

तिसऱ्या मजल्यावर जाळी लागतेच. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी पुरत नाही; मांजर ती दातांनी कुरतडतं, उन्हाने तिचे धागे कुजतात. स्टीलची जाळी चौकटीत स्क्रूने बसवून घ्या. सरकत्या खिडकीची एक काच उघडी राहिली की जिथे फट पडते, तिथे विशेष बघा. बाथरूमची झडपवजा खिडकी सगळे विसरतात. घर बघायला येणारा कार्यकर्ता सगळ्यात आधी हेच तपासतो. जाळी नाही म्हणून त्याने नकार दिला, तर सुतार बोलवून जाळी बसवा आणि त्या कार्यकर्त्यालाच पुन्हा फोन करा. सोसायटीच्या सचिवांनी हरकत घेतली तर हे सांगा: पाळीव प्राण्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, असं जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलंय. त्या सूचनांची प्रत छापून जवळ ठेवा.

आता भावाच्या लॅबचं. हा भाग अवघड आहे, म्हणून सरळच लिहितो. घरातला कुत्रा कायमचा 'ठेवून घेणारी' चांगली संस्था जवळपास मिळत नाही. जिथे खरंच निगा राखली जाते तिथे जागा अपघातग्रस्तांनी भरलेली असते, आणि पाच वर्षं सोफ्यावर झोपलेला लॅब पिंजऱ्यात गेला की अन्न सोडतो. जिथे पैसे घेऊन सहज ठेवून घेतात, तिथे पुढे त्याचं काय होतं ते तुम्हाला कळत नाही. पांजरपोळ गुरांसाठी असते. महापालिकेच्या केंद्रात नसबंदी करून कुत्रे पुन्हा जागेवर सोडतात, तेही रस्त्यावरचे. निवाऱ्याच्या फाटकाला बांधून निघून जाणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा ठरू शकतो. पहिल्या गुन्ह्याचा दंड 10 ते 50 रुपये, म्हणून लोक तो खुशाल करतात. कुत्र्याच्या जिवावर मात्र बेततं.

म्हणून संस्थेकडे मागायचं ते वेगळं: कुत्रा घरीच राहील, तुम्ही फक्त त्याची माहिती तुमच्या पानावर टाका आणि येणारी घरं गाळायला मदत करा. बऱ्याच संस्था याला तयार होतात.

पण त्याआधी भावाला विचारा की कुत्रा बरोबर का नेत नाही. सहा महिने हातात आहेत, आणि एवढा वेळ पुरतो. भारतातून युरोपीय संघात कुत्रा न्यायचा क्रम असा: आधी मायक्रोचिप (ओळखीसाठी कातडीखाली बसवतात ती), मग रेबीजची लस, लशीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त घेऊन संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत रेबीजविरोधी प्रतिपिंडांची (अँटिबॉडीजची) तपासणी, आणि रक्त घेतल्यापासून 3 महिने थांबायचं. प्रमाण 0.5 आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिलिटर किंवा जास्त यायला हवं. सगळं धरून चार-साडेचार महिने जातात, मग सरकारी आरोग्य प्रमाणपत्र आणि विमान. क्रम चुकला, म्हणजे चिपच्या आधी लस दिली, तर ती लस मोजत नाहीत आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. निर्णय महिनाभर लांबला तरी ही वाट बंद होत जाते, म्हणून या आठवड्यातच ठरवा. खर्च भरपूर येतो, आणि तिकडे घर देणाऱ्या मालकाची परवानगीही लागते. दोन्ही तपासून 'नाही' ठरलं, तरच पुढचं वाचा.

पहिलं काम नसबंदी, जाहिरात त्यानंतर. नसबंदी न झालेला लॅब 'चांगल्या घरी मोफत' असं लिहिलंत की पहिले फोन पैदास करणाऱ्यांचे येतात. ते गोड बोलतात, मुलांचे फोटो पाठवतात. ऑपरेशन झालंय म्हटलं की त्यातले बहुतेक गळतात. ऑपरेशननंतरही नर साधारण महिनाभर प्रजननक्षम राहू शकतो, म्हणून ते आत्ताच उरका आणि कुत्रा द्या दोन महिन्यांनी. त्याच वेळी रक्त तपासून घ्या. गोचिडतापाची लागण लपलेली असेल तर घर बदलण्याच्या ताणात ती उसळते, आणि नव्या माणसाला वाटतं आजारी कुत्रा गळ्यात मारला.

माहिती लिहिताना दोष आधी लिहा: फटाक्यांना घाबरतो, एकटा ठेवला तर भुंकतो, मांजर पाहिलं की धावतो. यामुळे फोन कमी येतील, पण कुत्रा परत येणार नाही. फोनवर विचारायचं ते असं: दिवसा कुठे असेल, रात्री कुठे झोपेल, फिरवणार कोण, तुमचे डॉक्टर कोण. "फार्महाऊसवर मोकळा राहील" या वाक्याला भुलू नका. तिथे तो बहुधा राखणीला बांधला जातो, माणसं शनिवारी-रविवारीच येतात. जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या पट्ट्यात तर बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला आयतं भक्ष्य. लॅबला माणसं लागतात. आजी-आजोबा दिवसभर घरात असलेलं, रोज दोनदा फिरवायची ताकद असलेलं साधं दोन खोल्यांचं घर त्याला जास्त मानवेल.

घर पसंत पडलं की कुत्र्याला घेऊन भावाने स्वतः तिथे जावं, दोन-तीनदा. मग दोन आठवडे चाचणी म्हणून ठेवावं. करार साध्या कागदावर चालेल: दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती, विकायचा नाही, पैदाशीला वापरायचा नाही, दिवसभर बांधायचा नाही, घर बदललं तर कळवायचं, नको झाला तर परतच द्यायचा. सोबत दवाखान्याची फाईल, त्याचं भांडं, न धुतलेली जुनी चादर आणि दहा दिवस पुरेल इतकं नेहमीचं खाणं द्या. नवीन खाणं सात दिवसांत थोडं थोडं मिसळायचं, नाहीतर जुलाब होतात आणि दोष कुत्र्यावर जातो. पहिले तीन आठवडे बाहेर नेताना हार्नेस आणि गळपट्टा दोन्हीला दोरी लावायला सांगा. घाबरलेला कुत्रा मागे सरकून गळपट्ट्यातून डोकं काढतो आणि जुन्या घराच्या दिशेने पळत सुटतो. गळ्यात फोन नंबरची पट्टी पहिल्या दिवसापासून हवी.

करारातल्या 'परत देण्याच्या' रकान्यात भावाचं नाव घालून उपयोग नाही, कारण तो बर्लिनमध्ये असेल. तिथे इथलं माणूस लागेल, आणि तुमच्या पत्रावरून दिसतं ते माणूस तुम्हीच आहात. सही करण्याआधी दोघांनी मोकळं बोलून घ्या: लॅब परत आला तर नवं घर मिळेपर्यंत महिना-दीड महिना तो तुमच्याकडे राहील का, आणि मांजराला तेवढे दिवस दार बंद असलेली वेगळी खोली देता येईल का. दुसरं उत्तर 'नाही' असेल तर लॅब नव्या घरात तीन महिने रुळेपर्यंत मांजर आणू नका.